शैलाताई, त्या घरात तुम्ही नव्हता

शैलाताई,

परवा साताऱ्यात आपल्या पाहणीच्या टीममधल्या जुन्या मुलींनी तुमच्यासाठी सभा ठेवली होती. फोटोला हार, पुढं समई, आणि मागच्या ओळीत तुमचे यजमान, सुभेदारकाका, हाताची घडी घालून ताठ बसलेले. तुमच्याबरोबर सगळ्यात जास्त दिवस मी फिरले म्हणून सगळ्यांनी मलाच आधी बोलायला लावलं. मी उभी राहिले. ‘ताईंनी मला काम शिकवलं’ एवढंच म्हणाले आणि खाली बसले. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला भरून आलं.

भरून आलं नव्हतं ताई. मी घाबरले होते. दुसरं वाक्य सुरू केलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. हे ज्यांना सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्या तुम्हीच. आता तुम्ही नाही, म्हणून लिहायचा धीर होतोय. तुम्ही असता तर आजही मी घसा खाकरून दुसरंच काहीतरी बोलले असते.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस आठवतो? आम्ही बारा जणी. मी सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याच्या घरातली सून, लग्नानंतर पहिल्यांदा एकटी एसटीत बसून साताऱ्याला आलेली. सासऱ्यांनी एका अटीवर सोडलं होतं, घराच्या नावाला बोल लागता कामा नये. तुम्ही आम्हाला विचारलंत, ‘आपलं काम काय?’ एक जण म्हणाली, ‘बायकांची परिस्थिती मोजायची. देशात बाई पुरुषाच्या बरोबरीला कुठवर आली ते बघायचं.’ तुम्ही म्हणालात, ‘बरोबर. पण बाई काही भिंतीला टेकून उंची मोजायला उभी राहणार नाही. तिला बोलती करायला लागते. आणि बाई बोलते ती दार बंद असल्यावर.’

मग तुम्ही ती युक्ती सांगितलीत. घरात गेल्यावर आधी पाणी मागायचं. बाई पाणी आणायला आत गेली की आपणही तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात जायचं आणि तिथंच बसायचं. चुलीपाशी पुरुष येत नाही. आणि आलाच कुणी, नवरा, दीर, सासू, अगदी शेजारीण, तर त्या क्षणी विषय बदलायचा. ‘ज्वारी कशी झाली औंदा? रेशनकार्ड आहे का?’ असलं काहीतरी विचारायचं. हे तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा पाठ करून घेतलंत की रात्री झोपेत मी रेशनकार्ड विचारायचे.

नऊ वर्षं आपण फिरलो. दिवस मावळायच्या आत जेवायची माझी सवय तुम्ही दुसऱ्याच दिवशी ओळखलीत. संध्याकाळ व्हायला लागली की कुठल्याही रस्त्यावर जीप थांबवायचात. ‘आधी आमच्या सुजाताचं जेवण, मग तुमचा पुढचा गाव.’ ड्रायव्हर चिडायचा. तुम्ही माझ्या डब्यातली एक दशमी उचलून त्याच्या हातावर ठेवायचात. माझ्या माहेरीसुद्धा माझ्या जेवणाची इतकी काळजी कुणी केली नाही.

माधवनगरातली ती बाई मला अजून दिसते. प्रश्न होता, स्वयंपाक करपला म्हणून नवऱ्यानं बायकोला मारलं तर ते योग्य वाटतं का. ती म्हणाली, ‘आवं, करपला म्हणून मारलं तर दुसऱ्या दिवशी जेवणार कुणाच्या हातचं?’ तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पुढचा प्रश्न, बायको उलट बोलली तर? ती अजून हसतच होती. हसत हसत म्हणाली, ‘उलट बोलल्यावर मारायचाच की. त्यात काय.’ तुमचं हसणं तिथंच थांबलं.

आणि शिरवळ. कंपन्यांत काम करणाऱ्या मुली, एका खोलीत सहा-सहा जणी. प्रश्न होता, तुम्ही एकट्या बाहेर जाऊ शकता का. एक मुलगी म्हणाली, ‘जाते की. दवाखाना, बाजार, सगळीकडं एकटीच.’ मी ‘होय’ दाबलं. ती पुढं म्हणाली, ‘फक्त दादाला लोकेशन चालू ठेवावं लागतं. बंद दिसलं की फोन येतो.’ मी तुमच्याकडं बघितलं. त्या उत्तराला टॅबवर जागा नव्हती.

त्या दिवसापासून आपलं जे भांडण सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, ‘ताई, आकडा नसला तर वरच्या लोकांना काही दिसतच नाही. कायदे, योजना, सगळं आकड्यावर होतं.’ तुम्ही म्हणायचात, ‘मी कुठं नको म्हणते? घे की आकडा. पण आपण बाईच्या काळजाला हात घालतो, ती उघडी पडते, आणि आपण आभार मानून जीपमध्ये बसतो. ती तिथंच राहते. तिचं पुढं काय झालं हे आपल्याला माहीतच नसतं.’ मी म्हणायचे, ते आपलं काम नाही. तुम्ही म्हणायचात, ‘मग कुणाचं?’

मला तुमचा राग यायचा हे खरं आहे. मला वाटायचं, तुम्ही हळव्या आहात आणि मी नीट काम करणारी आहे. माझे फॉर्म कधी अर्धवट राहत नव्हते. याचा मला अभिमान होता.

आता जतचं सांगते.

दोन वर्षं होतील त्याला. तालुक्याच्या पूर्वेची ती वस्ती, कर्नाटकच्या हद्दीला लागलेली. उन्हाळा, एक दिवसाआड येणारा टँकर. जीप निघायला दीड तास होता. तुम्ही ओढ्यापलीकडच्या घरात गेलात, मी अलीकडच्या. महादेवीच्या. तिशीची, उंच, कोपरापर्यंत गोंदलेली बाई. घरात कन्नड बोलणारी, माझ्याशी अडखळत मराठी. सासू टँकरच्या रांगेत होती, नवरा बैलं घेऊन गेलेला. घरातले रिकामे हंडे सासूबरोबर रांगेत होते, तिथं पाणी कुठल्या तोंडानं मागणार? आतल्या खोलीत सासरा झोपला होता. म्हणून आम्ही बाहेरच्याच खोलीत बसलो. पत्र्याचं दार मी लोटलं, पण कडी लावली नाही. आत भट्टीसारखं तापलं होतं. वाऱ्याला थोडी फट ठेवली.

शेवटचा भाग राहिला होता. नवऱ्यानं कधी ढकललं का, थप्पड मारली का, कशानं मारलं का. महादेवी आधी सगळ्याला ‘न्हाई’ म्हणत गेली. मग एका प्रश्नाला थांबली. खाली बघून एकच शब्द बोलली. ‘बारकोल.’ मला कळला नाही. मी परत विचारलं. तिनं खुंटीकडं बोट केलं. खुंटीवर बैलांचा चाबूक होता.

तेव्हा मी दाराकडं बघितलं. फटीत, खाली, दोन पाय दिसले. धुळीनं भरलेले, वहाणा घातलेले, पुरुषाचे. ते हलत नव्हते.

ताई, मी ते पाय बघितले होते.

तुम्ही शिकवलेलं सगळं मला त्या क्षणी आठवलं. रेशनकार्ड ओठांवर आलं होतं. पण टॅबवर सहाच प्रश्न राहिले होते. अर्धवट ठेवला असता तर त्या वस्तीवर पुन्हा फेरी मारावी लागली असती. आणि त्या भागात इतक्या दिवसांत एकाही बाईनं या पानावर तोंड उघडलं नव्हतं. ही बोलत होती. मला ते उत्तर पाहिजे होतं. मी जरा मोठ्यानंच विचारलं, ‘चाबकानं? नवरा तुम्हाला चाबकानं मारतो?’

ती ‘व्हय’ म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की दारापर्यंतही पोचला नसता. बाहेर ऐकू गेला तो माझा.

पाय निघून गेले. मी राहिलेले सहाही प्रश्न विचारले. मग तिचे आभार मानले आणि जीपकडं आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण उतरलो होतो तिथं तिचा नवरा दोन माणसं घेऊन आला. ‘आमच्या घरात शिरून आमच्या बायकांस्नी काय इचारताय? चाबकाचं इचारताय?’ म्हणून ओरडायला लागला. तुम्ही पुढं झालात. मी तुमच्या मागं उभी होते, खरं म्हणजे लपले होते. तुम्ही त्याला एकच विचारलंत, ‘महादेवी कुठं आहे?’ बरोबरचा माणूस म्हणाला, ‘पडली. दवाखान्यात हाय.’

तुम्ही तशाच दवाखान्यात गेलात. मी गेले नाही. तुम्ही परत आलात ते दुपारी. महादेवीचा डावा हात कोपरात मोडला होता, पाठ बघवत नव्हती, आणि केसपेपरवर लिहिलं होतं, पडून इजा. तुम्ही खोलीचं दार लावून मला विचारलंत, ‘दार बंद होतं?’

‘लोटलं होतं ताई,’ मी म्हणाले. ‘तो कधी आला कळलंच नाही.’

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, ‘बरं.’

आठवड्याभरात गावकऱ्यांनी काम बंद पाडलं आणि वरून दोन साहेब चौकशीला सांगलीत आले. लांब टेबल होतं. एका बाजूला ते, एका बाजूला आपण. साहेबांनी विचारलं, त्या घरात कोण गेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, ‘मी.’

‘फॉर्मवर सुजाताबाईंचा नंबर आहे.’

‘तिचं डोकं दुखत होतं. ती झाडाखाली बसली होती. तिच्या टॅबवर मी भरला. दार नीट लावलं नाही, ही माझी चूक.’

त्यांनी लिहून घेतलं. साहेब माझ्याकडं वळले. ‘बरोबर आहे का?’

मी ‘हो’ म्हणाले. एका अक्षराचा शब्द.

एसटी स्टँडवर मी तुमचा हात धरला तेव्हा तुम्ही इकडं तिकडं बघून गावाकडच्या बोलीत म्हणालात, ‘गप बस. तू न्हवतीस तिथं. नोकरी गेली तर तुझ्या घरचे पुन्हा उंबरा ओलांडू देणार न्हाईत. माझं काय, आमचे सुभेदार चहा करून देतात की मला.’ आणि हसलात. तुमचं काम गेलं. तुमच्या जागेवर त्यांनी मला सुपरवायझर केलं. मी नको म्हणाले नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी काय सांगते माहिती आहे? दार बंद करा. तुमच्याच शब्दांत सांगते. माझा आवाज कापत नाही.

तुम्ही मात्र जतला जायला लागलात, स्वतःच्या पायांनी. साताऱ्याहून सांगली, सांगलीहून जत, तिथून वडापच्या जीपनं वस्ती. महादेवीला तालुक्याच्या गावी संरक्षण अधिकाऱ्याकडं घेऊन गेलात, अर्ज केलात. तिनं अर्ज मागं घेतला. माहेरी आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ म्हणाला ठेवून घ्यायला जमणार नाही. तुम्ही पुन्हा गेलात. पुन्हा अर्ज, पुन्हा माघार. एकदा नवऱ्यानं तुम्हाला वस्तीच्या तोंडावरून हाकललं. तुम्ही पुढच्या महिन्यात परत हजर.

त्याच दिवसांत तुम्हाला अंगावर जायला लागलं होतं. पाळी जाऊन किती वर्षं झालेली. ‘दवाखान्यात जायचं कोण ठरवतं’ हा प्रश्न तुम्ही हजारो बायकांना विचारलात. तुमच्या घरात तो अडला नव्हता. काका रोज म्हणायचे, ‘मॅडम, चला, गाडी काढतो.’ तुम्हीच पुढं ढकलत गेलात. जतहून आल्यावर बघू. महादेवीचं एकदा मार्गी लागू दे, मग बघू. दुखणं अंगावर काढलंत ते माझ्या चुकीपायी, असं मी मनात म्हणते तेव्हा कुणीही मला खोटं ठरवत नाही.

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं. मी म्हणाले, ‘ताई, पुरे करा आता. तिनं स्वतःच दोनदा अर्ज मागं घेतला. आपण काय जन्माचं बांधून घेतलंय का?’

तुम्ही म्हणालात, ‘आपण न्हाई. मी.’ आणि फोन ठेवलात.

तीन महिने मी फोन केला नाही. तुम्ही मला ओळखून आहात असं वाटून लाज वाटायची, आणि लाजेचा राग व्हायचा. मग काकांचाच फोन आला, की मॅडमना ॲडमिट केलंय आणि डॉक्टर काही चांगलं सांगत नाहीत.

दवाखान्यात तुम्ही एवढ्याशा झाला होतात. काका तुमच्या पायाला तेल लावत होते. मी आल्यावर ते बाहेर गेले. तुम्ही म्हणालात, ‘महादेवीला जाऊन ये गं. तिला सांग, मला यायला जमत नाही.’ मी ‘हो’ म्हणाले. मग मनाचा हिय्या करून म्हणाले, ‘ताई, त्या दिवशी तिथं…’

तुम्ही हात थोडा उचललात. ‘राहू दे. लहान होतीस तू.’

मी अडतीस वर्षांची होते ताई. लहान नव्हते. तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? पायांचं? की तुम्ही फक्त दमला होतात? हे मला आता कधीच कळणार नाही. मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तुमचे डोळे मिटले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहूनच टाकते.

जतलाही मी गेले नाही. कामं होती. कामं असतातच.

माहुलीला दहाव्याचे विधी झाल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले. नदीकडं बघत म्हणाले, ‘सुजाता, एक इचारू? ती कधी कामात चुकली न्हाई. आर्मीत माझ्याकडं इतकी पोरं होती, पण तिच्याइतकं शिस्तीचं माणूस मी बघिटलं न्हाई. मग जतला तिच्या हातनं दार कसं उघडं राह्यलं? तू व्हतीस ना बरोबर?’

मी म्हणाले, ‘काका, ताईंची काही चूक नव्हती.’

‘मग?’

‘काही नाही काका. नशीब.’

ते ‘व्हय’ म्हणाले आणि उठून गेले. त्यांच्या पाठीकडं बघताना मला कळलं, की तुम्ही जिवंत असताना मी तुमचं काम घेतलं आणि गेल्यावर तुमचं चांगलं नावही हिरावून घेतेय. त्या माणसानं तुमच्याबरोबर सगळा जन्म काढला, आणि आता तो तुमच्यात एक चूक शोधत बसला आहे, जी तुम्ही केलीच नाही.

काल मी जतला गेले. एकटी, वडापनं. महादेवी दारातच शेंगा फोडत बसली होती. डावा हात कोपरातून सरळ होत नाही तिचा. तिनं मला बघितलं आणि माझ्या मागं बघितलं. ‘मोठ्या बाई?’

मी सांगितलं. ती हातातल्या शेंगा तशाच धरून बसली. कन्नडमध्ये काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. मग मराठीत म्हणाली, ‘माज्या आईनं बी मला इतक्या येळा इचारलं न्हाई, कशी हायस म्हून.’

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, ‘महादेवी, त्या दिवशी तुमचा नवरा दारात उभा होता. ते मला दिसलं होतं.’

‘ठाऊक हाय.’

‘कसं? तुमची तर दाराकडं पाठ होती.’

‘तुमी दाराकडं बघिटलं. मग आवाज मोठा केला.’ ती शेंग फोडत म्हणाली. ‘तवाच कळलं मला, आता काय हुनार ते.’

मला तिच्या तोंडाकडं बघवेना. ‘मग तुम्ही ताईंना का सांगितलं नाही? त्या दोन वर्षं येत होत्या.’

‘त्या म्हनायच्या, चूक आमची हाय. मी म्हनलं, आसंल. त्या मानूस बऱ्या. त्यांस्नी आनि कशाला तरास?’

‘आणि चौकशी झाली तेव्हा? साहेबांना?’

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. ‘कोन साहेब? हितं कोन आलंय? मला कोन इचारलंय?’

ताई, चौकशीचा तो अहवाल माझ्याकडं आहे. त्यात तुमची जबानी आहे, माझी आहे, सरपंचांची आहे, जीपच्या ड्रायव्हरचीसुद्धा आहे. महादेवीची नाही. आपण तिला एवढे प्रश्न विचारले, नळ कुठं, शौचालय कुठं, निर्णय कोण घेतं, कोण मारतं, कशानं मारतं. तिचा हात मोडल्यावर तिला कुणीच काही विचारलं नाही. तुम्ही सोडून. आणि तुम्हीही मला सांभाळायला तो एक प्रश्न, त्या दिवशी दारात काय झालं, तिला विचारला नाहीत.

निघताना मी विचारलं, ‘आता कसं आहे?’

‘बैलं इकली. बारकोल बी गेला त्यांच्यासंगं. आता हातानं मारतोय.’

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. बरं चाललंय, अशा सुरात सांगितलं. आणि माझं अकरा वर्षांचं सवयीचं डोकं, ताई, त्याच क्षणी हिशोब करायला लागलं. पुढच्या पाहणीत चाबकाच्या त्या प्रश्नाला हिचं उत्तर ‘नाही’ येईल. आकडा एकानं खाली येईल. कुठंतरी कुणीतरी कागदावर म्हणेल, फरक पडतोय. तुम्ही मला हेच सांगत होता ना? मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, आणि तुमचं बरोबर होतं हे मला तुम्ही गेल्यावर त्या दारात बसून कळलं. सांगायला तुम्ही नाही. आणि तुमचं बरोबर असूनही महादेवी त्याच घरात आहे. तुमच्या दोन वर्षांच्या फेऱ्यांनी ती बाहेर पडली नाही. माझ्या आकड्यांनीही नाही. मग काय करायचं असतं ताई? खरंच विचारते. मला काही दिसत नाही.

आज सकाळी मी ऑफिसला पत्र पाठवलं. त्या घरात मी होते, शैलाताई नव्हत्या. दारातले पाय मला दिसले होते, तरी मी विचारलं. एवढंच लिहिलं. ते काय करतील माहीत नाही. घरी सासऱ्यांना अजून सांगायचंय.

मग काकांना फोन केला. सगळं सांगितलं, पायांपासून आवाजापर्यंत, काही न लपवता. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपलं. मी ‘काका?’ म्हणाले.

‘ऐकतोय,’ ते म्हणाले. आवाज बसला होता. ‘ती असती तर म्हणाली असती, जाऊ दे, पोर हाय. मी तिच्याएवढा मोठा न्हाई, सुजाता. आता फोन करू नकोस मला.’

त्यांचं बरोबर आहे ताई. मी करणार नाही.